कुलपाला झोपू द्या

स्मार्ट लॉकमधले पेन्सिल सेल दोन-तीन महिन्यांतच बसले की आपण सेलला नावं ठेवतो. मी म्हणेन, आधी राउटर बघा. कडी सरकवणारी मोटर दिवसातून दहा-वीस वेळा, ती पण सेकंदभर फिरते. वाय-फायवर चालणाऱ्या कुलपाची खरी ताकद जाते ती ऐकत बसण्यात.

राउटर साधारणपणे दर 102.4 मिलिसेकंदांनी एक छोटी हाळी देतो, तिला बीकन म्हणतात. दिवसाला अशा 8 लाख 43 हजार 750 हाळ्या होतात. कुलपातला रेडिओ एरवी झोपलेला असतो. ‘माझ्यासाठी निरोप आहे का’ एवढं ऐकायला तो क्षणभर उठतो आणि पुन्हा झोपतो. झोपेतला प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजायचा, तर जागेपणी तोच पन्नास-शंभर मिलिअँपिअरवर जातो. म्हणजे हजारो पटींचा फरक! सगळ्या उपकरणांसाठीचे सामाईक निरोप कितव्या हाळीनंतर वाटायचे, हे राउटरमधली डीटीआयएम ही सेटिंग ठरवते. ती 1 असेल तर ते निरोप ऐकण्यासाठी दर हाळीला उठावं लागतं. 3 केली तर दर तिसऱ्या. दिवसाकाठी साडेपाच लाखांहून जास्त वेळा उठणं वाचतं. फोनवरून दिलेला हुकूम त्यामुळे जेमतेम पाव सेकंद उशिरा पोचेल. (काही कुलपं मधल्या हाळ्या आपणहूनच सोडून देतात, त्यांना फरक कमी जाणवेल.)

सामाईक निरोप तरी कोणाचे? टीव्ही, प्रिंटर, स्पीकर एकमेकांना सतत शोधत असतात आणि त्यांच्या दवंडीने कुलपाचीही झोपमोड होते. म्हणून कुलूप शक्यतो वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर (त्याच राउटरवरच्या, पाहुण्यांसाठीच्या स्वतंत्र वाय-फायवर) ठेवावं.

दुसरं म्हणजे अंतर. राउटर आतल्या खोलीत, टीव्हीमागे दडवलेला आणि कुलूप मुख्य दारावर! सिग्नल क्षीण असला की तोच निरोप संथ गतीने, कधी दोन-चारदा पाठवावा लागतो आणि रेडिओ तेवढा वेळ जागा राहतो. राउटर दाराकडे सरकवा. वाय-फायचा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, 2.4 गिगाहर्ट्‌झचा ठेवा, भिंतींतून तो 5 पेक्षा बरा जातो. त्या पट्ट्याचे चॅनल नावाचे भाग असतात, त्यांतल्या 1, 6 किंवा 11 पैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असलेला निवडा.

लोडशेडिंग असलेल्या गावांत आणखी एक गोष्ट कराच: राउटरला छोटा यूपीएस लावा. वीज गेली की राउटर बंद पडतो, पण सेलवरचं कुलूप चालूच असतं. हरवलेलं नेटवर्क ते पुन्हा पुन्हा, एकेक चॅनल धुंडाळत शोधत राहतं.