हवेच्या सिलिंडरला तेलाचे नियम लावू नका

भोसरी, चाकणच्या शॉपवर हे दृश्य मला वारंवार दिसतं. जॉब धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरचा, हवेवर चालणारा सिलिंडर हिसके देत पुढे जातोय आणि ऑपरेटर रेग्युलेटरची घुंडी फिरवून दाब कमी करतोय. दाब कमी केला की ताकद जाते, क्लॅम्प ढिला पडतो, हिसके मात्र तसेच राहतात. हायड्रॉलिक्समध्ये, म्हणजे तेलाच्या दाबावरच्या कामात, मुरलेली माणसं हवेच्या लाइनवर आली की हा घोळ हमखास होतो.

ताकदीचा फरक सगळ्यांना माहीत असतो. ५० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर हवेच्या ६ बारला साधारण १२० किलोचा जोर देतो, तेलाच्या १०० बारला दोन टन. तेल गळतं, हवा फुसफुसते, तेलाला परतीची लाइन लागते. हे सोडून देऊ.

खरी गोम वेगात आहे. तेल १०० बारलाही एक टक्का दबत नाही. त्यामुळे पंप मिनिटाला १० लिटर देत असेल, तर त्या ५० मिमीच्या सिलिंडरचा रॉड सेकंदाला सुमारे ८५ मिमी बाहेर येणारच. आत जाणारं तेल आवळलं की वेग उतरतो. उरलेलं तेल जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हवरून टाकीत परततं आणि तापतं. लोड पुढेच ओढणारा नसेल, तर आत जाणारी बाजू आवळणं, म्हणजे मीटर-इन, तिथे उत्तम चालतं.

हवेत हेच केलं की काय होतं पाहा. आवळलेल्या वाटेनं हवा हळूहळू भरते. दाब सीलच्या घर्षणाला पुरून उरला की पिस्टन सुटतो. सुटला की मागची जागा वाढते, हवा फुगते, दाब पडतो आणि पिस्टन थांबतो. पुन्हा भरणं, पुन्हा उडी. ऑपरेटरला दिसतात ते हिसके हेच.

म्हणून दोन्ही बाजूंनी हवेवर चालणाऱ्या डबल अ‍ॅक्टिंग एअर सिलिंडरला मीटर-आउटच लावा: हवा आत मोकळी जाऊ द्या, बाहेर पडणारी आवळा. पिस्टन दोन्हीकडच्या दाबात धरलेला राहतो आणि सरळ चालतो. दोन्ही प्रकारचे फ्लो कंट्रोल, म्हणजे वाट आवळणारे व्हॉल्व्ह, दिसायला सारखे असतात. बॉडीवरचं चिन्ह न पाहता बसवलेला उलटा नग मला अजिबात खपत नाही. स्प्रिंगनं परतणाऱ्या सिंगल अ‍ॅक्टिंगची गोष्ट वेगळी. त्याच्या पुढच्या स्ट्रोकला मीटर-इनशिवाय पर्याय नाही.

तेलात मात्र डोळे झाकून मीटर-आउट करू नका. ५० च्या बोअरला ३६ चा रॉड असेल, तर रॉडकडचं क्षेत्रफळ निम्म्याहून थोडं कमी भरतं. पुढच्या स्ट्रोकला लोड नसताना पिस्टनच्या मागे १०० बार असले की, बाहेरची वाट आवळलेली असल्यानं, रॉडच्या सीलवर दोनशेच्या वर जातात. हवेच्या ५० च्या सिलिंडरला रॉड बहुधा २० चाच असतो, तिथे हा प्रश्न उठत नाही.

मीटर-आउटची एक बाजू लक्षात ठेवा. लाइनमधली हवा पूर्ण सोडून दिलेली असेल, तर पहिल्या स्ट्रोकला समोर अडवायला दाबच नसतो आणि रॉड सपकन सुटतो. सकाळी मशीन सुरू करताना हात तिथे नको. एफआरएलनंतर (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) सॉफ्ट-स्टार्ट व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे दाब हळूहळू चढतो.

आणि ड्रिलला अगदी संथ, एकसारखा फीड हवा असेल, तर फ्लो कंट्रोलच्या स्क्रूशी झटत बसू नका. सिलिंडरला समांतर हायड्रो-चेक, म्हणजे वेग रोखणारा तेलाचा सिलिंडर, जोडा. ढकलायचं काम हवा करते, वेग तेल धरतं.