क्वेबेक बुलडॉग्ज : १९१९–२० चा हंगाम

कॅनडातील क्वेबेक शहराच्या व्यावसायिक आइस हॉकी संघाचा नॅशनल हॉकी लीगमधील (एनएचएल) पहिला आणि अखेरचा हंगाम. २४ सामने, ४ विजय, २० पराभव. चार संघांत चौथा क्रमांक. संघाने ९१ गोल केले आणि १७७ स्वीकारले. तरीही त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा जो मलोन हा याच संघाचा खेळाडू होता.

संघाच्या नावाबाबत संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. ‘बुलडॉग्ज’ हे वृत्तपत्रांनी व प्रेक्षकांनी रूढ केलेले टोपणनाव. जुन्या क्लबचे अधिकृत नाव ‘क्वेबेक हॉकी क्लब’ असे होते, तर १९१९–२० च्या संघासाठी ‘क्वेबेक ॲथलेटिक’ हे नाव आढळते. एनएचएलपूर्वीच्या नॅशनल हॉकी असोसिएशनमध्ये या शहराच्या संघाने १९१२ आणि १९१३ असा सलग दोनदा स्टॅन्ली चषक (आइस हॉकीतील सर्वोच्च विजेतेपदाचा चषक) जिंकला होता. नोव्हेंबर १९१७ मध्ये माँट्रिऑलच्या विंडसर हॉटेलात एनएचएलची स्थापना झाली तेव्हा लीगमध्ये संघ उतरवण्याचा क्वेबेकचा हक्क मान्य झाला. मात्र संघ मैदानात उतरला नाही आणि त्याचे खेळाडू इतर संघांत वाटले गेले. दोन वर्षांनंतर उतरलेला संघ हा जुनाच क्लब मानावा की नव्याने उभा केलेला, हा वाद त्यामुळे निर्माण होतो. चषकांची परंपरा जपणारे लेखक सातत्य धरतात. हक्काच्या हस्तांतरणाचा व्यवहार तपासणारे अभ्यासक मधला खंड महत्त्वाचा मानतात. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण मधल्या काळात संघाचा कणाच बदलला होता. चषकविजेता गोलरक्षक पॅडी मोरन निवृत्त झाला होता. त्याच संघातील बचावपटू जो हॉल एप्रिल १९१९ मध्ये सिॲटल येथे इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरण पावला. त्या साथीमुळे त्या वर्षीची चषकाची अंतिम लढत अर्धवट सोडावी लागली होती. मलोन व हॅरी ममरी परत आले, पण त्यांच्याभोवती जुना संघ उरला नव्हता.

पराभवांचे मुख्य कारण गोलरक्षणात दिसते. गोलरक्षक तेव्हा मुखवटा वापरत नसत; बर्फावर पडून चकती (आइस हॉकीत चेंडूऐवजी वापरतात ती) अडवण्याची मुभाही त्यांना जानेवारी १९१८ मध्येच मिळाली होती. फ्रँक ब्रोफी २१ सामने गोलात उभा राहिला व त्याच्यावर १४८ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे सात. एनएचएलमध्ये तो पुन्हा खेळला नाही. उरलेल्या २९ गोलांपैकी ११ हॉवर्ड लॉकहार्टवर एकाच सामन्यात झाले. १८ ममरीच्या नावावर आहेत. ममरी हा २०० पौंडांहून अधिक वजनाचा बचावपटू. प्रसंगी त्यालाच गोलात उभे राहावे लागले आणि चारपैकी एक विजय त्याच्याच नावावर आहे. सारा दोष ब्रोफीच्या माथी मारणारी जुनी वर्णने म्हणूनच अन्यायाची वाटतात. गोलात कोणीही असो, त्याच्या पुढची बचावफळीच अपुरी होती. ३ मार्च १९२० रोजी माँट्रिऑल कॅनडिअन्सने क्वेबेकवर १६–३ अशी मात केली. एका संघाने एका सामन्यात केलेले हे सोळा गोल एनएचएलमधील आजही न मोडलेला उच्चांक आहे.

मलोनने २४ सामन्यांत ३९ गोल केले. कॅनडिअन्सचा न्यूझी लालोंड ३७ गोलांसह त्याच्या मागे राहिला. मलोनच्या एकूण गुणांचा (गोल अधिक गोलसाहाय्य, म्हणजे सहकाऱ्याच्या गोलासाठी दिलेले पास) आकडा काही ठिकाणी ४८, तर काही ठिकाणी ४९ दिला जातो. फरक गोलसाहाय्याच्या मोजणीचा आहे. त्या काळी साहाय्याची नोंद फार काटेकोरपणे होत नसे. आज सामान्यतः ४९ हा आकडा स्वीकारला जातो. ३१ जानेवारी १९२० रोजी क्वेबेक येथे टोरोंटो सेंट पॅट्रिक्सविरुद्ध त्याने सात गोल केले आणि सामना १०–६ असा जिंकून दिला. त्या रात्री कडाक्याची थंडी होती व प्रेक्षक मोजकेच होते, असे नंतरच्या वर्णनांत येते. एका सामन्यातील वैयक्तिक गोलांचा एनएचएल उच्चांक अजून तोच आहे. १० मार्च रोजी ऑटावावर १०–४ असा विजय मिळाला, त्यात मलोनचे सहा गोल होते. म्हणजे त्याच्या ३९ पैकी १३ गोल या दोनच सामन्यांत झाले. मात्र उरलेले २६ गोलही वीस पराभवांच्या हंगामात, पिछाडीवर असलेल्या संघातून झाले आहेत; हे ध्यानात घेतल्याशिवाय मलोनची थोरवी नीट कळत नाही.

हंगाम दोन भागांत खेळवला गेला व दोन्ही भागांत क्वेबेकला दोन-दोनच विजय मिळाले. दोन्ही भाग ऑटावाने जिंकल्याने दोन भागांच्या विजेत्यांमधील निर्णायक लढतीची गरज उरली नाही.

१९२० मध्ये संघाचा हक्क ओन्टॅरिओतील हॅमिल्टनला गेला आणि संघ ‘हॅमिल्टन टायगर्स’ झाला. मलोनही तिकडे गेला. टायगर्स पुढची चार वर्षे तळाशीच राहिले. १९२४–२५ मध्ये ते प्रथम आले, पण वाढीव मोबदल्यासाठी खेळाडूंनी संप केला; त्यानंतर ते खेळाडू न्यूयॉर्क अमेरिकन्स या नव्या संघाकडे ७५ हजार डॉलरना गेले. क्वेबेक शहराला एनएचएलमध्ये पुन्हा संघ मिळाला तो १९७९ मध्ये, नॉर्डिक्सच्या रूपाने.