मोबाइलच्या आवाजाने डास पळवणे

फोनच्या स्पीकरमधून अति उंच स्वराचा किंवा कानाला न जाणवणारा आवाज सतत वाजवत ठेवून डासांना जवळ येऊ न देण्याचा प्रकार. त्यासाठीची ॲप फुकट मिळतात. बहुतेकांत एक मोठे बटण, कंप्रता (आवाजाची सेकंदाला किती कंपने) कमीजास्त करायची पट्टी आणि खाली जाहिरात असते. यूट्यूबवर याच कामासाठी आठ-आठ, दहा-दहा तासांचे व्हिडिओही आहेत. आवाजाने डास चावायचे थांबतात असे आजवरच्या एकाही विश्वासार्ह क्षेत्रीय चाचणीत आढळलेले नाही. काही चाचण्यांत तर आवाज चालू असताना डास थोडे जास्तच बसले.

मुळात डासाला ऐकू येते, आणि चांगले येते. पण त्याला जे ऐकू येते ते फोन वाजवत नाही. शिवाय माणूस शोधताना डासाची मादी कानांवर विसंबून नसते.

दावे

ॲपच्या वर्णनात साधारण तीन कारणे सांगितलेली असतात. पहिले असे: चावते ती फक्त मादी, आणि एकदा मीलन झाले की ती नराला टाळते, म्हणून नराच्या पंखांचा आवाज लावला की ती पळते. यातला पहिला भाग खरा आहे. अंडी पोसायला रक्त लागते ते मादीला. नर फुलांचा रस पिऊन राहतो. मादीचे मीलन बहुधा एकदाच होते, आणि नंतर मागे लागलेल्या नराला ती मागच्या पायांनी लाथाडते, हेही खरे. पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्तीचे नर माणसाभोवतीच घिरट्या घालत मादीची वाट पाहतात. नराच्या आवाजाला मादी भिऊन जात असती, तर या जातीला माणसाचे रक्त मिळणेच अवघड झाले असते. शिवाय एडिसच्या नराच्या पंखांचा सूर सुमारे ६०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६०० कंपने, किंवा थोडा वर असतो. तो माणसाला स्वच्छ ऐकू येतो. ॲप वाजवते ते १५,००० ते २०,००० हर्ट्झ.

दुसरा दावा चतुराचा. चतुर डास खातो, म्हणून त्याच्या पंखांचा आवाज ऐकून डास पळतात, असे म्हणतात. चतुराचे पंख सेकंदाला जेमतेम वीस ते चाळीस वेळा हलतात. त्याची नक्कल करायला घुमणारा खर्ज लागेल, शिट्टी नव्हे. तिसरा दावा वटवाघळाचा. वटवाघळे श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू येण्यापलीकडचा, ध्वनी सोडून किडे टिपतात आणि अनेक पतंगांना तो ऐकूही येतो, कारण त्यांच्या अंगावर पडद्याचे कान असतात. डासाला तसे कान नाहीत.

डास कसा ऐकतो

डासाचा कान त्याच्या शृंगिकेच्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशीसारख्या अवयवाच्या, बुडाशी असतो. तिथल्या फुगीर पेरात जॉन्स्टन इंद्रिय असते. बाल्टिमोरचे डॉक्टर क्रिस्टोफर जॉन्स्टन यांनी १८५५ मध्ये त्याचे वर्णन केले. नराच्या एकेका इंद्रियात सुमारे १५,००० चेतापेशी असतात, मादीत त्याच्या निम्म्या. नराची शृंगिका पिसासारखी झुबकेदार दिसते. ही झालर हवेच्या सूक्ष्म हालचालीने डोलते आणि इंद्रिय ती टिपते. आपल्यासारखा हवेचा दाब नव्हे, तर हवेच्या कणांची हालचाल डास ऐकतो. म्हणून बराच काळ समज होता की डासाला वीतभर अंतरापलीकडचे ऐकू येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि बिंगहॅम्टन विद्यापीठांतल्या संशोधकांनी एडिसला दहा मीटरवरचाही आवाज जाणवतो असे दाखवले. पण तो आवाज काही शे हर्ट्झच्या पट्ट्यातला, म्हणजे साधारण माणसाच्या बोलण्याइतका खालचा.

या ऐकण्याचे मुख्य काम जोडीदार शोधणे. २००९ मध्ये कॉर्नेलच्याच गटाने एडिसची जोडी बारीक तारांना चिकटवून एकमेकांजवळून नेली. मादीचा मूळ सूर सुमारे ४०० हर्ट्झ, नराचा ६०० हर्ट्झ. जवळ येताच दोघांनी पंखांची गती अशी जुळवून घेतली की मादीचा तिसरा आणि नराचा दुसरा संनादी (मूळ सुराच्या तिप्पट आणि दुप्पट उंचीचा सूर) १,२०० हर्ट्झवर येऊन मिळाले. याच प्रयोगांत डासांच्या कानाने २,००० हर्ट्झपर्यंत प्रतिसाद दिला. ॲपचा आवाज त्याच्या सात ते दहा पट वर असतो.

आवाजाने डास ओढले जातात हे मात्र जुने ज्ञान आहे. मशीनगनचे जनक हायरम मॅक्सिम यांनी १८७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्जच्या एका हॉटेलात विजेचे दिवे बसवले. एका उपकरणाच्या गुणगुणीवर डासांचे ढग येऊन बसत, आणि ते सगळे झुबकेदार शृंगिकांचे, म्हणजे नर होते. त्यांचे म्हणणे तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९०१ मध्ये त्यांनी लंडनच्या टाइम्सला पत्र लिहून ते पुन्हा मांडले. आता ऑस्ट्रेलियात एडिसच्या सापळ्यांत छोटा स्पीकर बसवून मादीच्या सुराने नर पकडतात. मादीही काही जातींत आवाजामागे जाते: युरॅनोटेनिया लोवी ही बेडकाचे रक्त पिणारी जात बेडकांच्या ओरडण्यावरून त्यांना गाठते. ध्वनी लावून डास जमवल्याची अशी उदाहरणे आहेत. हाकलल्याचे खात्रीचे उदाहरण शोधायला बसले की हात रिकामे राहतात.

माणसाकडे येणारी मादी उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागाने येते. मग घामातले लॅक्टिक आम्ल आणि त्वचेचा वास, अगदी जवळ आल्यावर शरीराची ऊब आणि ओलावा. रात्री ती नेमकी कानाशीच गुणगुणते याचे कारण नाक तिथून जवळ असते.

फोनची कुवत

डासाला श्राव्यातीत ध्वनी ऐकू येत असता, तरी फोनला तो नीट काढता आला नसता. बहुतेक फोन आवाजाचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने वापरतात, त्यामुळे सैद्धांतिक कमाल मर्यादा त्याच्या निम्मी, म्हणजे २२,०५० किंवा २४,००० हर्ट्झ ठरते. फोनचा चण्याएवढा स्पीकर बोलणे आणि गाणी वाजवण्यासाठी बनवलेला असतो. १५,००० च्या पुढे त्याचा आवाज झपाट्याने पडतो. एमपीथ्री करताना वरचा भाग बऱ्याचदा १६,००० हर्ट्झच्या आसपास कापलाच जातो. तेव्हा ‘४० किलोहर्ट्झ’ (४०,००० हर्ट्झ) असे नाव दिलेला व्हिडिओ रात्रभर लावणारा माणूस कदाचित निव्वळ शांतताच वाजवत असतो. त्यात बॅटरी तेवढी उतरते.

घरात एक गंमत हमखास दिसते. ॲप १७,००० वर लावले की आजोबा म्हणतात काहीच वाजत नाही, आणि शाळकरी नात कानांवर हात ठेवून ‘बंद करा ना’ म्हणून ओरडते. आजोबांना वाटते आवाज श्राव्यातीत आहे, मशीन भारी आहे. प्रत्यक्षात वयाबरोबर उंच सूर ऐकू येईनासे होतात, एवढेच. याच गोष्टीवर वेल्समधल्या मर्थिर टिडफिलच्या हॉवर्ड स्टेपलटन यांनी २००५ मध्ये १७,४०० हर्ट्झचे एक यंत्र काढले. दुकानांसमोर घोळका करणाऱ्या पोरांना हुसकावणे हे त्याचे काम, आणि नाव ‘मॉस्किटो’. त्याला २००६ चे शांततेचे इग्नोबेल, म्हणजे नोबेलच्या धर्तीवरचे गमतीचे पारितोषिक, मिळाले. मुलांनी तोच सूर मोबाइलची रिंगटोन म्हणून वर्गात वापरला. शिक्षकांना ऐकू जात नसे. डासांशी या यंत्राचा संबंध नावापुरताच आहे. घरातल्या कुत्र्या-मांजरांना मात्र असा सूर आपल्यापेक्षा खूप जास्त ऐकू येतो, त्यामुळे तो लावून ठेवण्याआधी त्यांचाही विचार हवा.

बाजार

फोनच्या आधी बॅटरीवर चालणारी खिशातली यंत्रे होती, मग भिंतीच्या प्लगमध्ये खोचायची आली. २००३ मध्ये दक्षिण कोरियाच्या एसके टेलिकॉमने ३,००० वॉनला डास पळवणारा आवाज फोनवर उतरवून घ्यायची सोय दिली. एक मीटरच्या परिसरात तो काम करतो असा दावा होता. भारतात एलजीने २०१६ मध्ये ‘मॉस्किटो अवे’ टीव्ही आणला, आणि २०१७ मध्ये दिल्लीच्या इंडिया मोबाइल काँग्रेसमध्ये के७आय हा फोन. त्याच्या मागच्या कव्हरमध्ये श्राव्यातीत ध्वनीचा वेगळा स्पीकर होता आणि किंमत ७,९९० रुपये. स्पीकर वेगळा बसवावा लागला, यातच ॲपवाल्यांना उत्तर आहे.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये श्राव्यातीत कीटकरोधक यंत्रे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून अधिक कंपन्यांना पत्रे धाडली आणि दाव्यांना शास्त्रीय पुरावा असला पाहिजे अशी तंबी दिली. ॲप फुकट असते, त्यामुळे त्यावर अशी नजर क्वचितच जाते. वर्णनात खाली ‘केवळ मनोरंजनासाठी’ असे लिहिले की काम भागते.

चाचण्या

अशा यंत्राची पारख करायची रीत सोपी पण कष्टाची आहे. डासांच्या वेळेला माणसे उघड्या पायांनी बसतात आणि पायावर बसलेला प्रत्येक डास चावण्याआधी नळीने ओढून घेतात. यंत्र कधी चालू, कधी बंद. माणसांच्या आणि घरांच्या जागा बदलत्या, कारण काही माणसांना मुळातच डास जास्त लागतात. शेवटी दोन्ही बाजूंचे डास मोजायचे.

लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये कॉक्रेन पद्धतीने (वैद्यकीय चाचण्या काटेकोर निकषांनी एकत्र तपासायची रीत) अशा दहा क्षेत्रीय अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. एकाही अभ्यासात यंत्रामुळे डास कमी झाले नव्हते. त्यांतल्या १५ प्रयोगांपैकी १२ मध्ये यंत्र चालू असताना बसणाऱ्या डासांची संख्या थोडी जास्तच भरली. अशी यंत्रे वापरायचा सल्ला देऊ नये, आणि यावर आणखी चाचण्या करण्यातही फारसा अर्थ नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

ब्राझीलची हकिकत जास्त बोलकी आहे. साओ पाउलो राज्यातल्या काम्पिनास इथल्या संशोधकांनी २०१० मध्ये ९,६०० ते १८,२०० हर्ट्झचे यंत्र एडिस इजिप्तीवर वापरून पाहिले. यंत्र चालू असताना मादी जास्त चावल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच राज्यातल्या एका जाहिरात संस्थेने एका मासिकासाठी रेडिओवर गाण्यांच्या आड १५,००० हर्ट्झचा सूर सोडला, आणि रेडिओ लावून बाहेर बसा, डास येणार नाहीत, असे श्रोत्यांना सांगितले. या कल्पनेला फ्रान्समधल्या कान शहरात भरणाऱ्या जाहिरात महोत्सवात २०१२ मध्ये रेडिओ विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. डेंग्यू घरोघर असलेल्या देशात हे घडले.

२०१७ मध्ये न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठात बाजारातली बरीच साधने एडिसवर तपासली गेली. आवाजाचे यंत्र आणि सिट्रोनेला या सुगंधी गवताच्या तेलाची मेणबत्ती दोन्ही निकामी ठरली. डीईईटी या अंगाला लावायच्या डासरोधक औषधाचा फवारा टिकला. २०१९ मध्ये एक वेगळाच निकाल गाजला: प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात एक दणदणीत इलेक्ट्रॉनिक गाणे लावल्यावर एडिसच्या मादी कमी चावल्या आणि जोड्याही कमी जमल्या. ‘संगीताने डेंग्यू रोखा’ छापाच्या बातम्या त्यावरून झाल्या. तो परिणाम मोठ्या आवाजाचा आणि खालच्या कंप्रतेच्या हादऱ्यांचा असावा. त्या गोंगाटात झोपायचे कोणी, हा प्रश्न राहतोच.

तरी लोक का म्हणतात?

क्युलेक्स आणि ॲनोफेलिस या प्रकारांचे डास ठरावीक वेळांना जास्त येतात. तिन्हीसांजेला खिडकी उघडी असताना डासांची झुंड आत शिरते, वैतागून ॲप लावले जाते, तोवर खिडकी बंद होते, पंखा वाढतो, तासाभरात डास कोपऱ्यात बसतात. श्रेय ॲपला मिळते. पंख्याचा भाग मात्र खरा आहे: डास दुबळा उडतो, झोतात त्याला नीट उतरता येत नाही आणि उच्छ्वासाचा मागही विस्कटतो.

धोका आहे तो फोनवर विसंबून बाकीचे सोडून देण्यात. रात्री कानाशी गुणगुणणारा बहुधा क्युलेक्स असतो, आणि हत्तीरोग पसरवणाराही तोच. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत तो रोग अजून आहे. डेंग्यू-चिकुनगुनियाचा एडिस दिवसा चावतो, बराचसा मुकाट्याने, घोट्याशी. रात्री उशाशी लावलेल्या ॲपचा त्याच्याशी तसाही सामना होत नाही.

मच्छरदाणी, खिडक्यांना जाळी, अंगभर कपडे, आणि डीईईटी, पिकारिडिन किंवा त्या प्रकारची अंगाला लावायची औषधे यांचा उपयोग सिद्ध आहे. ओडोमॉससारख्या क्रीममधले डायएथिल बेंझामाइड हे डीईईटीच्याच कुळातले. पिंप, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे टायर आठवड्यातून एकदा रिकामे करून घासणे, म्हणजे आरोग्य खाते सांगते तो ‘कोरडा दिवस’, एडिसवर सर्वांत भारी पडतो. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात. घासायचे अशासाठी, की अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कित्येक महिने कोरडी राहूनही तग धरतात.

फोन ऐकतो तेव्हा

डास आणि फोनचा आवाज यांचा एक उपयोग खरोखर जमला आहे, पण उलट्या दिशेने. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले की साध्या फोनचा मायक्रोफोन डासाच्या पंखांचा सूर टिपतो, आणि त्यावरून जात ओळखायला मदत होते. जुना, घडीचा, स्वस्त फोनही त्यासाठी पुरला, आणि मादागास्करमधल्या खेड्यात प्रत्यक्ष वापरूनही पाहिला. फोन डासाच्या अगदी जवळ, काही सेंटिमीटरवर धरावा लागतो. अनेक जातींचे सूर एकमेकांत मिसळतात, म्हणून नुसत्या सुरावर न थांबता नोंद कुठल्या ठिकाणची आणि किती वाजताची आहे हेही बघून जात ठरवली जाते.