दोन रकान्यांची वही

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या टिका दिसतात आणि उत्तर येत नाही. ‘ती मला टाळतेय’ हे वाक्य तेवढ्यात मनात तयार होतं. अशा वेळी समुपदेशक वहीच्या पानाचे दोन रकाने करायला लावतात: एकात घडलं ते, दुसऱ्यात आपण लावलेला अर्थ. (‘तिनं वाचलं’ हाही अर्थच म्हणायचा. टिकांवरून चॅट उघडलं गेलं, एवढंच कळतं.)

मूळ कल्पना जुनी आहे. माणसं घटनांनी नाही, त्यांच्याविषयीच्या मतांनी अस्वस्थ होतात, असं गुलामीत वाढलेला ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस सांगत असे. शिष्य अ‍ॅरियननं ते लिहून ठेवलं. आपल्याकडे न्यायदर्शन या प्राचीन तर्कपरंपरेनं प्रत्यक्ष आणि अनुमान ही ज्ञानाची वेगळी साधनं (प्रमाणं) मानली. डोंगरावर धूर, म्हणून तिथे आग; पण धुक्याला धूर समजलात तर फसलात. अर्थात ही ज्ञानाची चर्चा होती, घरातल्या रुसव्याफुगव्यांची नव्हे.

रोजच्या बोलण्यापर्यंत हा फरक आणला भाषेचे अभ्यासक एस. आय. हायाकावा यांनी. भाषेच्या वापरावरच्या त्यांच्या 1941 च्या पुस्तकात वृत्त, अनुमान आणि निवाडा अशी विभागणी आहे. ‘तो साडेनऊला आला’ हे वृत्त, ‘त्याला यायचंच नव्हतं’ हे अनुमान, ‘तो बेजबाबदार आहे’ हा निवाडा.

मानसोपचारात हे शिरलं ते मनोविश्लेषणाला कंटाळलेल्या दोघा अमेरिकनांमुळे. फिलाडेल्फियात अ‍ॅरन बेक यांच्यासमोर एक रुग्ण मोकळेपणानं बोलत होती, तरी अस्वस्थ होती. विचारल्यावर कळलं, आपण डॉक्टरांना कंटाळा आणतोय असं तिला सारखं वाटत होतं. असे विचार आपोआप उमटतात, हे बेक यांनी हेरलं. त्यांचा उपाय पुरावा तपासण्याचा: खरंच कंटाळले का? आजची दोन रकान्यांची वही बरीचशी इथली.

न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस 1955 पासून दुसऱ्या वाटेनं निघाले होते, आणि मला तीच अधिक धीट वाटते. एपिक्टेटसचं ऋण ते उघड मान्य करत. पण पुरावे शोधण्याआधी ते म्हणत, समजा, तुमचं अनुमान खरंच आहे. ती टाळतेच आहे. मग? अनुमान चुकीचं ठरलं की आज सुटका होते. उद्या कोणी खरोखर टाळलं, की पुन्हा तेच.

एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार असलेल्या मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ही पद्धत ‘विवेकनिष्ठ’ या नावानं इथे रुजवली. एलिस ज्या ‘मस्ट’वर, म्हणजे इच्छेचा हट्ट करण्यावर, तुटून पडत, त्यासाठी मराठीत एक अक्षर पुरतं. ‘तिनं उत्तर द्यावं’ ही इच्छा झाली. ‘दिलंच पाहिजे’ म्हटलं की तो ‘च’ आला.