नोकरी बदलली की मनगट बरं होतं?

'टायपिंगने मनगट दुखतंय? नोकरी बदला, आपोआप जाईल,' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. सुट्टीत आराम पडतो, म्हणून तो पटतोही. पण दुखणं जडतं ते हालचालीमुळे: तीच क्रिया किती वेळा, किती जोराने, मनगट किती वाकवून, मध्ये किती थांबून. नव्या जागीही हेच राहिलं तर त्रास राहतो. सुरुवातीच्या धडपडीत विश्रांती सुटली तर वाढतोही.

पडताळायचंय? दोन आठवडे वहीत लिहा: कोणतं काम, किती वेळ, कधी ठणकलं. फक्त माऊसचा हात दुखतो की टायपिंगनंतर दोन्ही, हे लगेच दिसतं. मग मुलाखतीत नेमकं विचारता येतं: रोज टायपिंग किती, कीबोर्ड बदलून मिळेल का? अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होत असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.