अवटु-अल्पक्रियता : उपचारानंतरही उरणारी लक्षणे

गळ्यातील अवटु ग्रंथी (थायरॉइड) शरीराला पुरेल इतके संप्रेरक तयार करत नाही, त्या अवस्थेला अवटु-अल्पक्रियता म्हणतात. लेव्होथायरॉक्सिनची (या संप्रेरकाच्या कृत्रिम रूपाची) रोजची गोळी सुरू झाली की काही महिन्यांत बहुतेकांना बरे वाटते. मात्र उपचार घेणाऱ्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांचा थकवा, विसराळूपणा, अंगदुखी, थंडी न सोसणे, वजन न उतरणे हा त्रास रक्तातील टीएसएच (अवटु ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक) मर्यादेत आल्यावरही चालू राहतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून त्यांची बोळवण होते, नाहीतर प्रत्येक तक्रारीला डोस वाढवला जातो. दोन्ही चूकच. गोळी नीट शोषली जाते का, आकडा खरा आहे का, निदान पक्के होते का, दुसरा आजार आहे का, हे प्रश्न याच क्रमाने तपासले तर बऱ्याच जणांच्या त्रासाचा उलगडा होतो.

कारणे व मापन : आहारात पुरेसे आयोडीन असते तिथे मुख्य कारण म्हणजे हाशिमोटो यांचा आजार. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. ग्रंथी शस्त्रक्रियेने काढणे, किरणोत्सारी आयोडीनचा उपचार, लिथियम (मनोविकारांवरचे) किंवा अमिओडॅरोन (हृदयाच्या लयीवरचे) ही औषधे, ही इतर कारणे. ग्रंथीतून मुख्यतः टी-४ (थायरॉक्सिन) बाहेर पडते आणि पेशींमध्ये त्याचे अधिक प्रभावी टी-३ होते. टी-४ जरासे घटले तरी मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच कित्येक पटींनी वाढवते, म्हणून डोस टीएसएचवरून ठरवतात. प्रौढांत त्याची मर्यादा सुमारे ०.४ ते ४ मिलीयुनिट प्रतिलिटर धरतात. वयाबरोबर वरची मर्यादा थोडी सरकते. पीयूषिकाच बिघडलेली असेल तर टीएसएच निरुपयोगी ठरते आणि मुक्त टी-४ (रक्तातील प्रथिनांना न चिकटलेले टी-४) पाहावे लागते.

गोळी घेण्याची पद्धत : न सुटणाऱ्या लक्षणांचा शोध इथूनच सुरू करावा. ग्रंथीचे काम पूर्ण थांबले असेल तर प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम औषध लागते. वृद्धांना आणि हृदयविकार असलेल्यांना १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीचाही ६० ते ८० टक्केच भाग लहान आतड्यात शोषला जातो, अन्नाबरोबर त्याहून कमी. म्हणून सकाळी साध्या पाण्याबरोबर गोळी घेऊन किमान अर्धा ते एक तास काही खाऊ नये, कॉफीसुद्धा नको. हे जमत नसेल तर रात्री, शेवटच्या जेवणानंतर ३ ते ४ तासांनी घेतलेली गोळीही तितकीच चालते. वेळ कोणतीही निवडा, ती रोज बदलू नये.

कॅल्शियम आणि लोह आतड्यातच औषधाला धरून ठेवतात. त्यांच्या गोळ्या ४ तासांच्या अंतराने घ्याव्यात, आणि मल्टिव्हिटॅमिनमध्येही हे दोन्ही असू शकतात याचा विसर पडू नये. आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलसारख्या औषधांनी जठरातील आम्ल कमी होते आणि गोळी नीट विरघळत नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, फेनिटोइन व कार्बामाझेपिन ही अपस्मारावरची औषधे, क्षयावरचे रिफाम्पिसिन यांमुळेही गरज वाढते. यातले काही सुरू किंवा बंद झाले की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहावे. लेव्होथायरॉक्सिनचे अर्धायुष्य (रक्तातील औषध निम्मे व्हायला लागणारा काळ) सुमारे ७ दिवस आहे. नवा डोस रक्तात स्थिरावायला ६ आठवडे लागतात. दोन आठवड्यांत केलेली तपासणी म्हणजे फुकटची धावपळ. याच दीर्घ अर्धायुष्यामुळे एखाद्या दिवशी गोळी राहिली तर बहुतेकांना दुसऱ्या दिवशी दोन घेता येतात. हृदयविकार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. उष्णता, ओल आणि उजेड यांनी औषध खराब होते, म्हणून गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात.

टीएसएच वाढलेले, पण मुक्त टी-४ नॉर्मल किंवा जरा जास्तच, असा विसंगत रिपोर्ट आला तर बहुधा गोळ्या अधूनमधून राहिलेल्या असतात आणि तपासणीआधीचे चार दिवस नियमाने घेतलेल्या असतात. याउलट नियमित घेऊनही दर किलोमागे २ मायक्रोग्रॅमच्या आसपास डोस जात असेल तर शोषणातला दोष शोधावा : सीलिअॅक आजार (गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला होणारी इजा), जठराचा स्वप्रतिरक्षी (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होणारा) दाह, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातील जिवाणूचा संसर्ग.

आकड्याची विश्वासार्हता : रक्त शक्यतो सकाळी आणि त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्यावे. गोळीनंतर २ ते ४ तास टी-४ तात्पुरते चढलेले असते. केस आणि नखांसाठी मोठ्या मात्रेत घेतले जाणारे बायोटिन हे जीवनसत्त्व अनेक यंत्रांना फसवते. टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसते, आणि ते पाहून चांगला चाललेला डोस कमी केला जातो. तपासणीआधी किमान २ दिवस बायोटिन बंद ठेवावे. अँटी-टीपीओ प्रतिपिंडे (हाशिमोटोच्या आजारात ग्रंथीविरुद्ध तयार होणारी) निदानासाठी एकदा पाहिली की पुरे. त्यांचा आकडा दर वर्षी मोजून उपचारात काही बदलत नाही. रिव्हर्स टी-३ (टी-३चे निष्क्रिय रूप) याची चाचणीही नेहमीच्या उपचारात कामाची नाही.

निदानाची फेरतपासणी : टीएसएच ४ ते १० च्या दरम्यान आणि टी-४ नॉर्मल असताना केवळ थकव्यासाठी गोळी सुरू झालेले लोक पुष्कळ आहेत. एकदाच वाढलेले टीएसएच पुष्कळदा आपोआप खाली येते, त्यामुळे २ ते ३ महिन्यांनी पुन्हा तपासूनच निर्णय घ्यायला हवा. ६५ वर्षांवरील अशा सौम्य रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत गोळीने थकवा कमी झाला नाही. थकवा मुळात थायरॉइडचा नव्हताच, तर डोस कितीही वाढवून तो जाणार कसा?

इतर आजार : हाशिमोटोबरोबर इतर स्वप्रतिरक्षी आजार येण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहसाठ्याचे माप), ब-१२ जीवनसत्त्व, रक्तशर्करा आणि सीलिअॅकची चाचणी पाहणे योग्य. घोरणे आणि दिवसा डुलक्या असतील तर झोपेतील श्वासरोध, तसेच नैराश्य, रजोनिवृत्तीचा काळ, कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिनमुळे होणारी स्नायुदुखी, रक्तदाब-हृदयविकारावरच्या बीटा-ब्लॉकरचा थकवा यांचाही विचार करावा. अॅडिसनचा आजार (अधिवृक्क ग्रंथी निकामी होणे) क्वचित आढळतो, पण तो निसटू देता कामा नये. वजन घटणे, उभे राहताच चक्कर, खारट खाण्याची ओढ, त्वचा काळवंडणे, आणि थायरॉक्सिन वाढवल्यावर प्रकृती आणखी ढासळणे ही त्याची खूण. अशा वेळी आधी अधिवृक्क ग्रंथीचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक तपासतात.

वजनाबाबत अपेक्षाच चुकीच्या असतात. अल्पक्रियतेने वाढलेले वजन सहसा काही किलोच असते, आणि त्यातही बराच भाग साठलेल्या पाणी-मिठाचा. उपचाराने तेवढेच उतरते.

टी-३ची जोड : १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून पहिला यशस्वी उपचार केला. त्यानंतर अनेक दशके प्राण्यांच्या ग्रंथीची भुकटीच वापरात होती. टी-४चे टी-३ शरीरातच होते हे १९७० मध्ये दाखवले गेल्यावर नुसते टी-४ देण्याची पद्धत रुजली. १९९९ मध्ये एका लहान चाचणीत टी-३ची जोड दिल्याने मनःस्थिती सुधारल्याचे दिसले, पण नंतरच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी फायदा आढळला नाही. काही रुग्णांनी मात्र कोणते औषध चालू आहे हे माहीत नसतानाही जोड-उपचारच पसंत केला. डीआयओ-२ या जनुकातील फरक त्यामागे असावा, असा तर्क आहे. तो पक्का झालेला नाही. वर सांगितलेले सगळे तपासून झाल्यावर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ३ ते ६ महिने हा प्रयोग करता येतो आणि फरक न पडल्यास थांबवतात. गरोदरपणात आणि हृदयाची लय बिघडलेली असल्यास तो करत नाहीत. प्राणिज भुकटीत टी-४ व टी-३चे प्रमाण सुमारे ४ : १ असते, माणसाच्या ग्रंथीतून टी-३ याहून बरेच कमी निघते, त्यामुळे भुकटीने रक्तातले टी-३ उसळते.

धोके : ‘जरा जास्त घेतले तर तरतरी येईल’ या हिशेबाने टीएसएच ०.१ च्या खाली गेले तर विशेषतः उतारवयात हृदयाची लय बिघडते आणि हाडे ठिसूळ होतात. समुद्री शैवालाच्या गोळ्यांतील जादा आयोडीन ग्रंथीला आणखी मंदावू शकते. गर्भधारणा होताच डोस सुमारे २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो, म्हणून चाचणी सकारात्मक आल्याबरोबर डॉक्टरांना कळवावे. गोळ्या दीर्घकाळ बंद असलेल्या रुग्णाला गुंगी येणे, अंग थंड पडणे, श्वास मंदावणे ही तातडीची स्थिती आहे. त्याला लगेच रुग्णालयात न्यावे.