पट, अनुदान आणि बोटावरची शाई

२०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखेला, महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये पोरांच्या बोटांना शाई लावली गेली. मतदानानंतर लावतात तीच, सहजी न पुसली जाणारी. निवडणूक नव्हती, पटपडताळणी होती. हजेरीपटावरचं पोर खरंच वर्गात आहे की नुसतं कागदावर, आणि सकाळी एका शाळेत मोजलेलंच पोर दुपारी दुसऱ्या शाळेच्या बाकावर तर आणून बसवलेलं नाही ना, हे पाहायला सरकारी पथकं फिरत होती. त्याआधी नांदेड जिल्ह्यात अशीच तपासणी झाली होती आणि पट फुगवल्याचं उघडकीला आलं होतं. मग सगळ्या राज्यानेच बोट पुढे केलं.

मुख्याध्यापक, संस्था, आपलेच तपासणी अधिकारी, कुणाच्याच आकड्यावर सरकारचा भरवसा उरला नव्हता, म्हणून गोष्ट सहा वर्षांच्या पोराच्या बोटापर्यंत आली. शाळांना स्वायत्तता द्यावी का, त्यांनी उत्तरदायी असावं तर कुणाला, या चर्चा हल्ली परिसंवादांत जोरात चालतात. मुंबईत मात्र हा हिशेब फार आधी सुरू झाला.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे इंग्रजांच्या शिक्षणधोरणाच्या पत्राने, दोन गोष्टी एकदमच आणल्या: खासगी शाळांना सरकारी अनुदान आणि त्या शाळा तपासायला शिक्षण खातं. अनुदान हवं असेल तर दार उघडं ठेवा, तपासनीस आत येईल, असा साधा सौदा. मुंबई इलाख्याने १८६० च्या दशकात त्याला आणखी एक पीळ दिला. इंग्लंडात नुकतीच सुरू झालेली ‘निकालावर पैसे’ ही पद्धत इथेही आली. तपासनीस यायचा, पोरांना वाचायला, लिहायला, गणितं सोडवायला लावायचा, आणि पास होतील त्या पोरांमागे शाळेला पैसे मिळायचे. मराठी खेड्यापाड्यांत या डेप्युटी इन्स्पेक्टराचा ‘दिपोटी’ झाला. दिपोटी येणार म्हटल्यावर शाळा सारवायची, हुशार पोरं पुढच्या रांगेत बसवायची, उरलेल्यांना घरी ठेवायचं. हे शास्त्र तेव्हाच तयार झालं आणि आजही कुठल्याही ‘मूल्यांकन पथका’च्या आदल्या दिवशी ते जसंच्या तसं उपयोगी पडतं.

१८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. रयतेच्या पैशावर वरच्या जातींचं उच्च शिक्षण चालतं आणि रयतेची पोरं कोरडी राहतात, हा त्यातला मुद्दा सगळ्यांना माहीत आहे. त्याच निवेदनातला शाळा-तपासणीचा परिच्छेद सहसा कुणी उद्धृत करत नाही. तपासनीस वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा काही उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी, आणि एरवीही आगाऊ वर्दी न देता शाळा पाहाव्यात, असं फुले मागत होते. सुमारे सव्वाशे वर्षांनी, २००३ मध्ये, संशोधकांनी देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना अशाच न कळवता भेटी दिल्या. देशात सरासरी २५ टक्के शिक्षक जागेवर नव्हते. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, पाहणीतल्या राज्यांत सगळ्यात कमी. म्हणजे आपण पहिले आलो, पण कुठल्या यादीत तेही पाहायला हवं.

निकालावर पैसे देणं लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ च्या शैक्षणिक ठरावानंतर, मोडीत निघालं. तपासणी राहिली, तिच्याभोवतीचे कागद वाढले.

मुंबई शहरात आणखी एक मालक होता. १८८८ च्या महापालिका कायद्याने प्राथमिक शाळा चालवणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य ठरवलं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकातून सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, शहरासाठी १९२० मध्ये वेगळा कायदा आला आणि १९२५ मध्ये एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे परळ-दादरच्या गिरणपट्ट्यात, सक्ती लागू झाली. ज्या शहरात आज पाणीपुरवठ्यापासून नालेसफाईपर्यंत सगळं पालिकेकडे आहे, तिथे शाळाही तिच्याकडेच असाव्यात यात नवल नाही. आजही पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. इतक्या भाषांत शिकवणारी दुसरी पालिका सांगा.

पण ही शाळा चालवतं कोण? मुख्याध्यापक नाही. शिक्षक नेमणं वरून, बदली वरून, इमारतीची डागडुजी वेगळ्या कक्षाकडे, पोरांना फुकट मिळणाऱ्या २७ वस्तू मध्यवर्ती खरेदीतून. छत्री जूनमध्ये मिळाली तर नशीब. मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात उरतं ते पत्र लिहिणं आणि जावक क्रमांक टाकणं. नळ गळतो हे कळवण्याचा अधिकार त्यांना आहे, दुरुस्त करण्याचा नाही. वर्गातला निकाल घसरला तर मात्र उत्तर त्यांनीच द्यायचं.

अनुदानित खासगी शाळेची कथा वेगळ्या वळणाने तिथेच पोचली. पूर्वी संस्थाचालक म्हणेल ती पूर्व दिशा. शिक्षकाला अर्ध्या पगारावर सही करायला लावायची, सुट्टीआधी काढून टाकायचं आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचं, असे प्रकार सर्रास होते. त्यावर १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आला आणि १९८१ ची नियमावली आली. बडतर्फीविरुद्ध दाद मागायला शाळा न्यायाधिकरण मिळालं. शिक्षकाच्या दृष्टीने ही मुक्तीच होती, आणि ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांच्यापुढे संस्थांच्या स्वायत्ततेचं गुणगान करू नये. पण त्याबरोबर पद सरकारचं झालं. पट मोजून संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, संचमान्यतेतून पदं, पट घटला की शिक्षक ‘अतिरिक्त’, मग समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत रवानगी. पट म्हणजेच शिक्षकाची नोकरी, असं समीकरण बसलं. २०११ ची शाई कुठून आली ते इथे कळतं.

सरकारला हा पगार जड झाला तेव्हा त्याने एक शब्द शोधला: ‘कायम’. २००१ पासून नव्या शाळांना परवानगी मिळायची ती कायम विनाअनुदानित तत्त्वावर. शाळा काढा, पैसे मागू नका. २००९ मध्ये तो शब्द वगळला गेला आणि पुढची अनेक वर्षं आझाद मैदानात त्या शाळांचे शिक्षक अनुदानाच्या टप्प्यांसाठी बसत राहिले. २०१२ च्या कायद्याने तर स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा वेगळा रस्ताच आखून दिला.

स्वायत्तता मुंबईत मिळाली ती अशी, अनुदान नाकारून. दादर, गिरगाव, पार्ले इथल्या कितीतरी जुन्या संस्थांत हे एकाच जिन्यावर दिसतं. पहिल्या मजल्यावर मराठी माध्यम, अनुदानित, शिपायाची जागा रिक्त, भरायला परवानगी नाही. दुसऱ्या मजल्यावर त्याच संस्थेचं इंग्रजी माध्यम, विनाअनुदानित, तिथे हवा तो शिक्षक हव्या त्या पगारावर. खालच्या मजल्यावर हिशेब सगळा, मोकळीक नाही. वर मोकळीक आहे, हिशेब कुणाला द्यायचा ते अंधुक. वरच्या बाईंना खालच्या बाईंच्या निम्मा पगार असतो, हे शिक्षकखोलीत मोठ्याने बोललं जात नाही.

या अंधुक जागेत कायदा उशिरा शिरला. २०११ चा शुल्क विनियमन कायदा प्रत्यक्षात लागू व्हायला २०१४ उजाडलं. शाळेचं शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचं आणि त्या समितीतले पालक सोडतीने निवडायचे. नंतरच्या दुरुस्तीने वाढीव शुल्काविरुद्ध दाद मागायची तर २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात असं ठरलं. पोराचा प्रवेश टांगणीला असताना शाळेविरुद्ध सही करणारे चौथा हिस्सा पालक गोळा करून पाहा. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पोरांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांचे प्रवेशही सोडतीनेच. मुंबईकराला घर सोडतीत, शाळा सोडतीत आणि शाळेला जाब विचारण्याची खुर्चीही सोडतीतच! त्या राखीव जागांतूनही, सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना सूट द्यायचा घाट राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये घातला. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैमध्ये रद्द केला.

जागतिक बँकेने २००४ च्या विकास अहवालात उत्तरदायित्वाचे दोन रस्ते मांडले होते. लांबचा: नागरिक मत देतो, निवडून आलेला यंत्रणेला जाब विचारतो, यंत्रणा शाळेला. जवळचा: पालक थेट शाळेला विचारतो. एल साल्वादोरने १९९० च्या दशकात जवळच्या रस्त्याचं टोक गाठलं. तिथे गावातल्या पालकांच्या मंडळांना सरकारने पैसे दिले आणि मंडळं वर्षाच्या करारावर शिक्षक नेमू लागली. शिक्षकांना ते पटणं शक्यच नव्हतं, आणि सरकार बदलल्यावर ती योजना गुंडाळली गेली. भारताने मधलाच मार्ग धरला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आणली: तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया, काम शाळा विकास आराखडा करण्याचं आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवण्याचं. शिक्षक नेमण्याचा किंवा काढण्याचा अधिकार नाही. विनाअनुदानित शाळांना ही समितीच लागू नाही.

लांबचा रस्ताही मुंबईत मध्येच बंद पडला. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ पालिकेवर प्रशासक होते. नगरसेवक नव्हते म्हणजे शाळांवर लक्ष ठेवणारी त्यांची शिक्षण समितीही नव्हती.

जवळच्या रस्त्याचं एक दृश्य मी पाहिलं आहे. मध्य मुंबईतल्या एका पालिका शाळेत, संध्याकाळी पाचला, व्यवस्थापन समितीची सभा. सात आया, एक बाप, तोही रिक्षा बाहेर लावून आलेला. मुख्याध्यापिकेने इतिवृत्ताची वही फिरवली. एका आईने सही करण्याआधी मागची पानं उलटली आणि विचारलं, “बाई, टाकीच्या झाकणाचं हे मागच्या तिन्ही सभांना लिहिलं होतं ना?” बाई म्हणाल्या, “हो ताई. तिन्ही वेळा पत्र दिलंय. जावक क्रमांक सांगू का?” ताईंनी क्रमांक मोबाइलवर टिपून घेतला, सही केली आणि आराखड्यात तेच झाकण चौथ्यांदा लिहून दिलं.